धूमकेतूचं तोंड

काल घोंगडी उन्हात टाकली आणि लोकरीच्या वासासरशी माळशिरसकडची माझी शाळा आठवली. पटांगणात मी पोरांची सूर्यमाला मांडली होती. मधोमध सूर्य मी, माझ्याभोवती ग्रह, ग्रहांभोवती चंद्र, मंगळ-गुरूच्या मधे पहिलीची चिल्लीपिल्ली लघुग्रह. मेंढरांमागं फिरणारी, पावसाळ्यापुरतीच शाळेत येणारी हौसा उरली. तिला लोकरीची शेपटी बांधून मी धूमकेतू केलं.

"हा लांबून येतो, परत जातो. शेपूट मात्र कायम सूर्याच्या उलट्या बाजूला."

"मंग जाताना शेपूट म्होरं आन् तोंड तुमच्याकडं, व्हय बाई?"

"हो गं."

दिवाळीनंतर मेंढरं कोकणाकडं निघाली. हौसा माझ्याकडं तोंड करून उलटी चालत होती. मला वाटलं, पोरगी अजून खेळतेय. ती वळणाआड व्हायच्या आधीच मी हसत वर्गात निघून गेले.