ओरडायचं नाही

माझा आवाज मोठा आहे. मोठा म्हणजे किती, तर मी लेबर रूममध्ये बोलले की दवाखान्याच्या फाटकाबाहेरचा चहावाला गिऱ्हाइकाला सांगतो, "बाई आल्यात ड्यूटीवर." निम्मी नोकरी शिरूरच्या बाजूला केली, उरलेली इकडं दौंड तालुक्यात. दोन्हीकडच्या बाया मला नावानं ओळखत नाहीत, "ती वरडणारी शिस्टर" म्हणून ओळखतात. एकदा वढूला समाधीच्या दर्शनाला गेले होते, तर एका बाईनं मला हाताला धरून बाजूला ओढलं आणि शेजारच्या मिशा फुटलेल्या पोराला म्हणाली, "पाया पड रं. ह्यांच्या शिव्या खाल्ल्या तवा कुठं तू झालास." पोरगं बिचारं लाजत लाजत पाया पडलं. मी ते पुरस्कारासारखं मनात जपून ठेवलंय, कारण सरकारनं काही दिला नाही.

लेबर रूममध्ये माझा नियम एकच. ओरडायचं नाही. कळ आली आणि बाईनं तोंड उघडलं की मी म्हणायचे, "ए, तोंड मीट आधी. सगळा जोर घशातनं घालवलास तर बाळ काय तोंडातनं येणार आहे?" हे मी कुजबुजून म्हणत नसे, हे वेगळं सांगायला नको. ओरडू नको हे ओरडून सांगण्यात काही चुकतंय असं इतक्या वर्षांत कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या तर नाहीच. मला माझ्या सीनियर सिस्टरनं असंच शिकवलं, तिला तिच्या. त्या तर मांडीवर चापटही ठेवून द्यायच्या. मी चापट मारत नसे, म्हणून मी स्वतःला सुधारलेली समजायचे.

मग आमच्याकडं ती नवी पोरगी आली. नांदेडकडची, बी.एस्सी. नर्सिंग झालेली, अंगानं काडी. पहिल्याच आठवड्यात तिनं मला वात आणला. तिची ड्यूटी दोनला संपायची म्हणजे दोनला संपायची. हँडओव्हर चोख द्यायची, कुठल्या पेशंटचं काय राहिलंय ते एकूण एक सांगायची, आणि पर्स काखेला लावून चालू पडायची. मी मात्र ड्यूटी संपल्यावरही काम असो नसो वॉर्डात रेंगाळायचे, म्हणजे कुणीतरी म्हणावं की बाई काही घरी जातच नाहीत. ती डबा बसून खायची. बसून, आणि चावून. आमच्या पिढीनं डबा उभ्याउभ्या, एका हातानं, दुसऱ्या हातात सलाइनची बाटली धरून खाल्ला. शिवाय ट्रे पुसताना ती तोंडानं सारखं काहीतरी पुटपुटत असायची. मला वाटलं, स्तोत्र म्हणते, बरं वाटलं. तर ती जर्मन शिकत होती. तिकडं नर्सेस हव्या आहेत म्हणे.

एकदा मी तिला ऐकवलंच. म्हटलं, "आमच्या वेळी आम्ही सबंध ड्यूटीत एकदाही बाथरूमला जात नव्हतो. कळलं?"

ती खरोखरच काळजीत पडली. "बापरे. मग मॅडम, त्याचा काही त्रास नाही झाला?"

झाला होता. चांगला मुतखडा झाला होता, आणि दिवसाला पाणी किती पिता असं डॉक्टरांनी विचारल्यावर मी चहासुद्धा धरून सांगितला होता. पण ते मी तिला कशाला सांगू. "त्रास कसला," म्हटलं, "अंगवळणी पडतं."

खरी ठिणगी पडली ती लेबर रूममध्ये. एक पहिलटकरीण आली होती, वय लहान, घाबरून पांढरीफटक पडलेली. मी औषधांचं कपाट लावत बाहेर उभी होते आणि आतून त्या पोरीचा आवाज आला, "ताई, ओरडावंसं वाटलं तर ओरडा हं. फक्त श्वास धरून ठेवू नका." माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. त्या बाईनं मग असा काही सूर लावला की ओपीडीतली माणसं उठून उभी राहिली. आत जाऊन बघते तर बाई टेबलावर नाहीच. तिच्या आईच्या गळ्यात हात टाकून खोलीत फेऱ्या मारतेय आणि आमची पोरगी मागनं तिची कंबर चोळतेय. कुणीतरी एक घरची बाई आत थांबू द्यायची पद्धत आता आलीय, हे मला माहीत होतं. तसं परिपत्रकही आलं होतं. मी ते वाचून, सही करून, नीट फाइलला लावून टाकलं होतं.

बाहेर आल्यावर मी तिला झापलं. "हा दवाखाना आहे का बाजार?"

"मॅडम, ओरडल्यानं काही अडत नाही," ती म्हणाली. उद्धटपणे नाही. उद्धटपणे म्हणाली असती तर बरं झालं असतं, मला पुढं बोलायला जागा राहिली असती.

आणि अडतही नव्हतं हो. तिच्या हातच्या बाया ओरडायच्या, हिंडायच्या, मधेच हसायच्यासुद्धा, आणि सुटायच्या. त्या सुखरूप सुटतात याचा मला राग यायचा. हे लिहितानाही लाज वाटते, पण यायचा. मी दारावरून जाताना मुद्दाम विचारायचे, "काय, चाललंय का भजन?" ती आतून म्हणायची, "हो मॅडम, या की." तळपायाची आग मस्तकात जायची माझ्या.

अशातच माझ्या लेकीला दिवस गेले. एकुलती एक लेक, खुटबावला दिलेली, कुरकुंभच्या एमआयडीसीत एका कंपनीत हिशेब बघते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे माझ्याकडं केडगावला आणि माझ्याच दवाखान्यात, यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. मी अख्ख्या तालुक्याची बाळं काढली. माझं नातवंड मीच हातात घेणार, नाळही मीच कापणार. हे मी स्टाफला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, बाजारात भाजीवालीला सांगितलं. फक्त लेकीला सांगायचं राहिलं होतं. ते काय सांगायचं, तिला कळणारच की.

एका संध्याकाळी मी भाकरी थापत होते आणि ती शेजारी पाटावर बसली होती. म्हणाली, "आई, माझ्या वेळी त्या नव्या सिस्टर असू देत."

"असेल की. मदतीला लागतंच कुणीतरी."

"मदतीला नाही गं. त्याच करू देत. तू नको."

भाकरी तव्यावर तशीच राहिली. "का? मी का नको?"

"तू ओरडतेस, आई."

"मी कुठं ओरडते?" मी म्हणाले, आणि पुढच्या खोलीत आमच्या ह्यांनी टीव्ही बंद केला.

तपासणीला येता-जाता लेकीची आणि त्या पोरीची गट्टी जमली होती, हे मला तेव्हा कळलं. दोघींनी मिळून माझी सोयसुद्धा लावून ठेवली होती. मी आत यायचं, पण घरची बाई म्हणून. ॲप्रन घालायचा नाही, ग्लोव्ह्ज घालायचे नाहीत, त्या दिवशी रीतसर रजा टाकायची आणि तोंड उघडायचं नाही. ज्या बाईनं सासू वारली तेव्हासुद्धा तिसऱ्या दिवशी ड्यूटी गाठली, तिनं रजा टाकायची, ती काहीही न करण्यासाठी. मी हसून म्हटलं, "बरं बाई, तुम्ही म्हणाल तसं." मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. मला फार लागलं होतं. परक्या बायांनी शिव्या खाऊनही माझ्या पाया पडावं, आणि पोटच्या पोरीला मी जवळ नको.

नात झाली आणि दोघी सुखरूप आहेत, हे आधीच सांगून टाकते. नातेवाइकांना ताटकळत ठेवायची मला नोकरीनं लावलेली खोड आहे, ती मोडायचा प्रयत्न चाललाय.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी, आणि दुपारपर्यंत चांगल्या वाढल्या. त्या पोरीची दुपारची ड्यूटी होती, ती घड्याळ लावल्यासारखी आली. खुटबावहून विहीणबाई झेंडूची तोडणी टाकून आल्या होत्या. मी त्यांना बाहेर बाकावर बसवलं, "काळजी करू नका, मी आहे आत," असं मोठ्या तोऱ्यात सांगितलं आणि साध्या साडीत लेबर रूममध्ये शिरले. ॲप्रनशिवाय त्या खोलीत मी आजवर कधी गेले नव्हते. हात कुठं ठेवायचे तेच कळेना.

पण मी शब्द पाळला. खरंच पाळला. लेकीचा हात धरला, पाणी पाजलं, कपाळ पुसलं, आणि तोंडाला कुलूप लावलं. ती पोरगी बाळाचे ठोके बघत होती, बोलत होती, लेकीला कुशीवर वळवत होती. "ओरडलात तरी चालेल हं ताई," तिनं नेहमीसारखं सांगितलं. पण लेक ओरडली नाही. कळ यायची, तिचं अख्खं अंग ताठ व्हायचं, मानेच्या शिरा तटतटायच्या, ओठ दाताखाली धरलेला, आणि आवाज म्हणून नाही. मला काय वाटलं सांगू? अभिमान वाटला. त्या पोरीकडं मी अशा काही नजरेनं बघितलं की बघ, याला म्हणतात वळण. तुझ्या त्या भजनी मंडळातली नाही ही, माझी आहे.

कळा वाढत गेल्या. लेकीच्या ओठातून रक्त आलं. श्वास धरून धरून ती काळवंडायला लागली, आणि बाळ काही पुढं सरकेना. त्या पोरीनं दोनदा, तीनदा सांगितलं, "श्वास सोडा ताई, तोंड उघडा." लेक मान हलवायची आणि पुन्हा ओठ मिटून घ्यायची. मग ती पोरगी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, प्रत्येक कळेला ती आधी तुमच्याकडं बघते. तुमच्या लक्षात आलंय का?"

आलं नव्हतं. पुढची कळ आली तेव्हा मी बघितलं. कळ चढत होती आणि लेकीचे डोळे माझ्यावर होते. मी हे डोळे ओळखत होते. लहानपणी इंजेक्शन द्यायला मी तिला ओट्यावर बसवायचे, तेव्हाही ती अशीच माझ्याकडं बघायची, आणि रडायची नाही. गुडघा फुटला तरी रडायची नाही. बोट दारात चेमटलं तरी नाही. माझी पोरगी कधी रडत नाही म्हणून मी शिरूरच्या सगळ्या क्वार्टर्समध्ये मिरवलं होतं. ती धीट आहे असंच मला वाटत आलं होतं. ती मला भ्यायची. आत्ता, या टेबलावर, जीव जायची वेळ आली तरी ती मलाच भीत होती.

मी तिचा हात घट्ट धरला आणि म्हणाले, "ओरड गं बाळा. ओरड. मोठ्यानं ओरड." मायेनं म्हणायला गेले, पण माझा गळा तो. हुकूम सुटावा तसा शब्द सुटला. लेक दचकली आणि तिनं ओठ आणखी घट्ट मिटले.

"मॅडम," ती पोरगी म्हणाली, "थोडा वेळ बाहेर बसता का?"

मी तिची इन्चार्ज. तिचा गोपनीय अहवाल मी लिहिते. तिला जर्मनीला जायला जे दाखले लागतील, त्यांवर माझी सही लागणार. हे सगळं त्या एका क्षणात माझ्या मनात येऊन गेलं, इतकी मी हलकी आहे. मी लेकीकडं बघितलं. तिनं 'जा' म्हटलं नाही, आणि 'थांब' पण म्हटलं नाही. मी तिच्या हातातून माझा हात सोडवला. सोडवायला फारसा जोर लागला नाही.

बाहेर येऊन मी दार ओढून घेतलं. विहीणबाई बाकावर सरकून बसल्या, मला जागा केली. "काय झालं वं ताई? तुमी कशापायी भाईर?" मी काही बोलायच्या आत आतून आवाज आला. माझ्या लेकीचा. इतका मोठा, इतका मोकळा, की मी तो आधी ओळखलाच नाही. एकदा आला, मग पुन्हा आला, आणि मग येतच राहिला.

विहीणबाईंनी माझा दंड धरला. त्यांच्या हाताला झेंडूचा वास येत होता. "आवं जा की आत. तुमची लेक वरडतीय, आन् तुमी हितं काय बसून ऱ्हायलाय?"

"ओरडू द्या," मी म्हणाले. माझा आवाज आयुष्यात पहिल्यांदा इतका बारीक निघाला की त्यांना तो ऐकूच गेला नाही, पुन्हा सांगावं लागलं. "ओरडू द्या तिला. मी आत गेले की ती गप्प बसंल."