बिघडलेल्या कॅसेटी

समतेची गाणी ज्या घरांत बसवली गेली, त्या घरांत चुलीपाशी कोण होतं, हे तुम्ही कधी विचारलं आहे का?

अमडापूरच्या आमच्या दोन खोल्यांत बाबांच्या गायन पथकाची तालीम चालायची. बाबा पेटीवर, त्यांचे दोन मित्र ढोलकी आणि बेंजोवर. कुठे सभा असली की हे तिघं तिथे जाऊन गायचे. मी अक्षरं शिकले ती त्या सभांच्या पत्रकांवरून. ‘माणूस’ हा मी वाचलेला पहिला शब्द, जाड ठशातला. त्या पत्रकांवर माझा अजून विश्वास आहे, म्हणूनच राग येतो.

चुका कळाव्यात म्हणून तालीम टेप व्हायची. प्लग एकच, तोही स्वयंपाकघराच्या दाराशी, म्हणून टेपरेकॉर्डर उंबऱ्यावर. नंतर ऐकताना बाबा वैतागायचे, “हे काय, भाकरीचाच आवाज येऊन राह्यला!” मग ती कॅसेट बिघडली म्हणून पत्र्याच्या डब्यात जायची.

यंदा तो डबा माळ्यावरून काढला. चिखलीच्या दुरुस्तीवाल्याकडून एक चालू टेपरेकॉर्डर आणला आणि दुपारी ऐकत बसले. पुरुषांचे आवाज विहिरीतून यावेत तसे लांब. जवळ फक्त भाकरीची थाप आणि आईचा आवाज. ते सूर सोडतात, ती धरून देते. ते अंतरा विसरतात, ती आतून उचलते. भाकरी थांबत नाही.

एका कॅसेटवर गाणं मध्येच थांबतं. ढोलकीवाले काका म्हणतात, “वैनी, उद्या सभेले तुमीच चाला नं. आमाले हा सूर गवसत नाही.”

“मंग भाकरी कोन थापन? तुमची ढोलकी?” आई म्हणते.

सगळे हसतात, बाबा सगळ्यांत मोठ्यानं. पेटी पुन्हा सुरू होते. आणि त्या गोंगाटाखाली, अगदी टेपजवळ, आई हळूच म्हणते, “आली असती मी.”

बाहेरच्या खोलीत ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

मी बाबांना ऐकवलं. “तुही माय? ते तं सैपाक करत होती,” ते म्हणाले. मग विचारलं, बेंजो नीट वाजते का?

आईला ऐकवलं. ती पदराला हात पुसत उभी राहिली. मी म्हणाले, “रविवारी गावात सभा आहे. हे गाणं तू म्हण.” तिने खरंच एक ओळ धरली. वरच्या सुरावर आवाज चिरकला, खोकला आला. पुन्हा धरली, पुन्हा तिथेच फाटली.

“आता नाही लागत माय. काऊन काढलं तू हे?” असं म्हणून तिनेच बटण दाबलं.

रविवारी ते गाणं झालं. पथकातल्या नव्या पोरांनी म्हटलं, सूर सोडून. बाबांनी टाळ्या वाजवल्या. आई घरी होती.

पत्रकाच्या शेवटी आशेची एक ओळ असते. माझ्याकडे ती नाही, विनंती आहे. आज संध्याकाळी तुमच्या घरात आतून कुणी गुणगुणत असेल, तर मोबाइल काढून टेप करत बसू नका. तिच्या हातातलं पीठ आपल्या हातात घ्या, भाकरी तुम्ही थापा, आणि तिला बाहेर आणून पेटीपाशी बसवा.