बंदमॅडमची खंडेनवमी

आमच्या माले गावच्या घरात दिवाळीला शेतातून आलेला तांदूळ होळीपर्यंत पुरला तरी आई देवाला हात जोडायची. तो संपला की आई-वडील मिळेल त्याच्या कामाला जायचे. मी बी.कॉम. झाले, घरातली पहिली, आणि उरवड्याच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर लागले. तेव्हापासून घरात एकच धास्ती, पोरीची नोकरी जाता कामा नये.

तिथं माझ्या वरिष्ठ होत्या बंदमॅडम. मूळच्या अमरावतीच्या. चहावाला आला, झाडूवाली आली, की त्या आधी सेटिंगमध्ये जाऊन माऊस नाहीतर कीबोर्ड तेवढ्यापुरता बंद करायच्या. मशीन चालू, पण बटणं दाबली तरी ढिम्म. "थांब न बाप्पा, आधी बंद करू दे!" म्हणून हे नाव. त्यांच्या आधीच्या नोकरीत कुणीतरी फडक्यानं बटणं पुसली, त्यात काम पुसलं गेलं आणि नोकरीही. मला मॅडमची भीती वाटे, मॅडमना फडक्याची.

"एक बंद केलं तर दुसरं चालू ठेवायचं," त्या बजावायच्या. "नाहीतर परत येशील कुठून?"

खंडेनवमीला कारखान्यात सगळ्या मशिनांची पूजा असते. त्या दिवशी गेटवर ट्रक उभा होता आणि त्यासोबत द्यायचं, मालाच्या यादीचं लांबलचक चलन मॅडमनी अर्धं भरलं होतं. पूर्ण झाल्याशिवाय ते सेव्ह होत नसे. हा माल वेळेत गेला नाही तर कॉम्प्युटरचं काम बाहेर देऊन आम्हा दोघींना घरी पाठवू, असं मालक बोलून गेले होते. तेवढ्यात फोरमन सोपानमामा ताट घेऊन आत आले.

"उरका मॅडम. समदी मशिनं झाली, ह्यो एकच देव राह्यलाय."

मॅडमनी कीबोर्ड बंद केला. तोवर मामांची कुंकवानं ओली बोटं माऊसकडे वळली. मॅडमनी घाईघाईनं तोही बंद केला. पडद्यावरचा बाण जागीच थिजला; आता परत चालू करायला दोन्हींतलं एकही उरलं नव्हतं.

"मामा, मेले न मी!"

"आता म्या काय केलं? अजून नारळ बी फोडला न्हाई!"

वीज काढावी तर चलन जाणार, आणि ते जुनं मशीन परत उठेल याचा भरवसा नाही. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजत होता. डोळ्यांपुढं वडील दिसत होते, पुन्हा मिळेल त्या कामाला निघालेले.

मॅडम एकदम टेबलाखाली शिरल्या. कीबोर्डची तार उपसून त्यांनी मशीनच्या मागच्या दुसऱ्या खाचेत खोचली.

"जागा बदलली की मशीनले हा नवा कीबोर्ड वाटते. नव्याले आपण कुठं बंद केलंय?"

काहीच होईना. मग कोपऱ्यात नवीन उपकरण सापडल्याची सूचना उमटली. मी कीबोर्डवरचं कॅप्सलॉकचं बटण दाबलं. त्याचा दिवा लागला. मॅडम केसांत जळमटं घेऊन बाहेर आल्या आणि उभ्यानंच चलन पुरं केलं. ट्रक गेला.

पुढच्या वर्षी त्या अमरावतीला परत गेल्या. जाताना म्हणाल्या, "भीत जा, पण घाई नको करू."

त्यांच्या जागी मला घेतलं. कॉम्प्युटरचा विभाग मी चालवला, आणि माझ्या पगारावर धाकटी बहीण इंजिनिअर झाली.