पांढरीचा रकाना

नव्वदच्या सुमारास मी धुळ्यात माती तपासायच्या कामावर होतो. जुन्या वस्त्यांत जिथे सरकारी घरकुलं बांधायची, तिथे खड्डा घ्यायचा, थर मोजायचे आणि छापील तक्त्यात खूण करायची. रकाने पाच: काळी, मध्यम, मुरमाड, खडकाळ, भराव. भरावावर घरकुल मंजूर होत नसे. वस्ती दुसरीकडे हलवत. शहरातली माती सहसा या पाचांत बसत नसे, पण तक्ता छापून झाला होता.

खड्डे खणायला रोजंदारीवर एक आबा होते. एकदा खड्डा पांझरा नदीच्या काठी, त्यांच्याच वस्तीत, त्यांच्याच दारापुढे आला. त्या दिवशी त्यांनी कडा जरा जास्तच सरळ तासल्या. चार फुटांपर्यंत राख, खापऱ्या, बांगड्यांचे तुकडे, पुन्हा राख.

“हाई पांढरी शे, साहेब,” आबा म्हणाले.

मी रंगांचं पुस्तक काढलं, ढेकूळ ओलं करून पानाशी लावलं आणि माती करडी आहे, हे त्यांना नीट समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग थरावर बोट ठेवलं. “आठे मनी मायना चुल्हानी राख शे. तेना खाले आजीनी.”

मी सावद्याचा, शेतकऱ्याच्या घरचा. पिकते ती काळी आणि माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहून होते ती पांढरी, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. पण ते घरी. इथे नोकरी कायम व्हायची होती आणि पांढरीला रकाना नव्हता. शेऱ्यासाठी दोन ओळी जागा होती, ती मी कोरी ठेवली. खूण भरावावर केली.

वस्ती उठली. शहराबाहेर त्यांना घरकुलं मिळाली. ती जागाही मीच तपासली होती. काळीवर खूण करायला अर्धं मिनिटही लागलं नाही. मी कायम झालो. तक्ते स्वच्छ भरतो म्हणून साहेबांनी कौतुक केलं.

तिसऱ्या उन्हाळ्यात भिंतींना तडे गेल्याची तक्रार आली, आणि पाहायला मलाच पाठवलं. काळी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते, हे कुठल्याही शेतकऱ्याने सांगितलं असतं. मी तर शेतकऱ्याच्याच घरचा. आबांच्या भिंतीत माझा हात मनगटापर्यंत गेला. मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून मी उगाच फूटपट्टीने तडा मोजत बसलो.

आबांनी चहा केला. आता बोलतील, आता बोलतील, म्हणून मी कप हातात धरून बसलो. ते चुलीतली राख घमेल्यात भरून घरामागे गेले आणि हाताने सारखी पसरू लागले.

“आबा, उकिरड्यावर नाही का टाकत?” मी विचारलं.

“पांढरी व्हवाले येळ लागस, साहेब,” ते म्हणाले.