ताण्याची पाजणी

आमच्या पिठाला एक वास होता. गव्हाच्या पिठात शेंगदाण्याच्या पेंडीचे पीठ आणि लोह-जीवनसत्त्वांची पूड मिसळली की ओल्या खिळ्यासारखा तो वास येई. सत्तरच्या दशकात नागपूरच्या एका पोषण केंद्रासाठी हे मिश्रण तयार करून घेण्याचे काम माझ्याकडे होते. संध्याकाळी घरी गेलो तरी वास कपड्यांना असायचा.

अशक्त मुलांच्या आयांना दर आठवड्याला त्या पिठाची पिशवी मिळे. "पेज करून पाजा," असे केंद्रातल्या बाई प्रत्येकीला बजावत. पुढल्या खेपेला मुलांची वजने होत. विणकरांच्या वस्तीतली एक मुलगी मात्र वाढेना. चालण्याचे वय उलटून गेले तरी ती आईच्या मांडीवरून उतरत नसे. तिथूनच थकल्या माणसासारखी सगळ्यांकडे पाहत राही. जंतांचे औषध दिले. काटा हलला नाही.

एका दुपारी मी तिच्या घरी गेलो. गल्लीत ताणा, म्हणजे लुगड्याचे उभे सूत, लांबवर पसरला होता आणि मुलीचे वडील कुंच्याने त्याला खळ लावत होते. खळीचा वास आला आणि मी थांबलो.

"हे आमचं पीठ आहे का?"

त्यांचा हात थांबला नाही. "तुमचंच होय, साहेब."

"ते मुलीसाठी दिलं होतं."

"तुमच्या बाई म्हणे, पाजा. तं पाजून राहिलो."

सुताला खळ देण्याला विणकर पाजणीच म्हणतात. दारात मुलीला घेऊन बसलेली त्यांची बायको मात्र हसली नाही.

"थट्टा काहून करता जी? नाव कापतीन आपलं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पोरीले देतो ना, साहेब. देत नाही असं नाही. पण पाजल्याबिगर सूत तुटते, मंग माग बंद. ताणा उपाशी राहिला तं आमी सारेच उपाशी."

नियमाप्रमाणे नाव कापायला हवे होते. मी ते कापले नाही. कोरडे पीठ वाटण्याऐवजी केंद्रातच लापशी शिजवून मुलांना समोर बसवून खाऊ घालावी, असे मी वरिष्ठांना सुचवले. ते मान्य झाले. आई रोज दुपारी माग सोडून मुलीला आणू लागली. हळूहळू काटा हलला. मुलगी भिंतीला धरून उभी राहू लागली, आणि माझा उपाय लागू पडला असे मी मनाशी धरून चाललो.

मुलीवरून नजर काढून मी आईकडे नीट पाहिले, ते बऱ्याच उशिरा. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या.

"तुम्ही जेवता ना?"

"जेवतो ना." मुलीचे तोंड पदराने पुसत ती म्हणाली, "पण खळ आता घरच्याच पिठाची लागते, साहेब."

त्या स्वरात तक्रार नव्हती. असती तर मला उत्तर देणे सोपे गेले असते. पिशवी बंद झाल्यावर त्या घरात कमी पडणार होते ते कोणाच्या ताटातून, याचा विचार मी केलाच नव्हता. आमच्या तराजूच्या झोळीत फक्त मुले मावत.

पातेल्यात थोडी लापशी उरली होती. मोठ्यांना ती द्यायची नाही, असा नियम होता. मी वाटी भरून तिच्यापुढे ठेवली.

"बाकीच्या बाया हासतीन मले," ती म्हणाली. मग भिंतीकडे तोंड करून बसली आणि खाऊ लागली.

दुसऱ्या दिवशी वाटीसाठी आणखी दोघी थांबल्या. पीठ मोजूनच येत असे. मी स्वयंपाकिणीला पातेल्यात तांब्याभर पाणी जास्त घालायला सांगितले, आणि पुढे रोजच सांगत राहिलो. ते पाणी कोणाच्या घासात पडत होते, हे ठाऊक असूनही त्यावाचून दुसरे काही मला सुचले नाही.