ताटाच्या कडेचा कांदा

बोस्नियावर चालून आलेल्या फौजांचं पाश्चात्त्य देशांनी नेमकं काय करावं, हे त्या काळात साऱ्या जगात एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं, आणि तो माणूस सुरतेजवळ उधन्याला आमच्या माडीवरच्या खोलीत राहत होता. ते माझ्या बायकोचे मामा. मूळचे अमळनेरकडचे, सारी हयात सुरतेच्या लूमखात्यांत, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यांत, मास्तरकी करण्यात गेलेली. मामी वारल्या तेव्हा एक ट्रंक, एक रेडिओ आणि स्वतःचं पितळी ताट घेऊन ते आमच्याकडे आले, आणि दारातच त्यांनी मला बजावलं, "जावईबापू, मी तुमच्याकडे नाही, भाचीकडे आलोय. तुम्ही मला पाहुणा समजू नका आणि मी तुम्हाला यजमान समजणार नाही." हा करार त्यांनी शेवटपर्यंत पाळला. लूमच्या खडखडाटाने त्यांचे कान निम्मे गेले होते, त्यामुळे परदेशच्या बातम्या ते अशा आवाजात लावत की सारायेव्होत काय घडलं हे आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्यालाही कळे. "मामा, आज किती गोळे पडले?" असं तो वांगी तोलता तोलता विचारायचा.

मामांची दुसरी ख्याती म्हणजे त्यांचं जेवण. एवढ्या सावकाश जेवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मी कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाऊसमध्ये हिशेबनीस. जेवण हे उरकायचं काम आहे अशी माझी समजूत. मी जेवून, हात धुवून, वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचून परत यायचो, तेव्हा मामांची पहिली भाकरी अर्धी झालेली असायची. कारण ते नुसते जेवत नसत, युद्धाची मांडणी करत. कळण्याची भाकरी हा बोस्निया. तिच्याभोवती ठेच्याचे छोटे गोळे, ह्या डोंगरावरच्या तोफा. भाकरीवर पेरलेले शेंगदाणे ही बिचारी गावातली माणसं. आणि ताटाच्या अगदी कडेला, ओळीने लावून ठेवलेल्या कांद्याच्या फोडी म्हणजे पाश्चात्त्य देश. "बघा, कसे बसलेत," ते म्हणत. "सगळं दिसतंय. वास येतोय. डोळ्यांत पाणीपण येतंय. पण मध्ये कोणी येत नाही."

प्रत्येक देशाला त्यांनी एकेक नातं लावून दिलं होतं. इंग्लंड म्हणजे थोरला काका. वाटणीच्या वेळी सगळ्यांना शांत राहा सांगणारा आणि स्वतः ओट्यावरून न उतरणारा. फ्रान्स म्हणजे मानपानावरून रुसणारी मावशी. अमेरिका हा श्रीमंत मेहुणा. "लग्नाला उशिरा येणार, आहेर सगळ्यांत मोठा आणणार, आणि जेवण गार का म्हणून आपल्यालाच विचारणार." मी म्हणायचो, मामा, त्यांना काय पडलंय? फौज न्यायची म्हणजे खर्च, शिवाय आपली पोरं मरणार, ते घरच्या मतदाराला काय सांगणार? मामा माझ्याकडे एखाद्या नवशिक्या कारागिराकडे बघावं तसं बघत. त्यांचा उपाय ठरलेला होता. त्या देशांच्या पुढाऱ्यांनी स्वतः यावं, जिथून तोफा पुढे सरकणार त्या रस्त्यात पाट मांडावेत, आणि जेवायला बसावं. "भरल्या ताटावरून माणसाला कोणी उठवत नाही, जावईबापू. वैरीसुद्धा उठवत नाही. आमच्या गावात कोर्टाचा बेलीफ जप्ती घेऊन आला तरी आधी जेवण संपू द्यायचा."

"आणि उठवलं तर?"

"तर त्यांच्या मागे त्यांची फौज उभी असेल ना! ती काय ताक वाढायला आणायची?"

यावर मी हसायचो, बायको "मामा, भाकरी गार झाली" म्हणायची, आणि बोस्निया तसाच ताटात पडून राहायचा.

आता आमच्या सोसायटीविषयी थोडं सांगायला हवं. दोन रांगांत बैठी घरं, काहींनी वर एक खोली चढवलेली. शेवटची दोन घरं सुमनताईंचं आणि सुकलालचं. सुमनताईंचे यजमान रेल्वेत होते, ते अकाली गेले. एप्रिलात जयंतीच्या दिवशी घरोघर खीर पोचवणारी ही बाई घरात साड्यांवर टिकल्या आणि खडे लावायचं काम करायची. दोन घरांच्या मध्ये साडेतीन फुटांची मोकळी पट्टी होती, आणि सुमनताईंची एकुलती खिडकी त्या पट्टीत उघडायची. उजेड तेवढाच. खडे लावायला नजर लागते. खिडकी बंद झाली की काम बंद. सुकलालने घरात दोन लूम टाकले होते आणि त्याला तिसऱ्यासाठी जागा हवी होती. त्याने पट्टीत विटा आणून टाकल्या.

मी सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणजे इथल्या बोलीत मंत्री. मी टेप घेऊन पट्टी दोनदा मोजली, मंजूर नकाशा काढून दाखवला, कमिटीची सभा बोलावली. सभेने तीव्र नापसंती नोंदवली. सुकलालला नोटीस दिली, त्याने ती दोन्ही हातांनी घेतली, आम्हाला चहा पाजला आणि "तुम्ही म्हणाल तसं, साहेब" म्हणाला. दुसऱ्या दिवशी आणखी विटा आल्या. आम्ही दुसरी नोटीस दिली. पुन्हा चहा. संध्याकाळी जेवताना मामांनी कडेची एक फोड उचलून माझ्यासमोर धरली. "ही कोण, ओळखा."

"इंग्लंड," मी म्हणालो.

"नाही. मंत्रीसाहेब."

मला राग आला. नियमाप्रमाणे जे करायचं ते मी केलं होतं, आणि कोर्टात जायचं तर निकाल लागेपर्यंत तिथे लूम जुना झाला असता हेही मला माहीत होतं.

रविवारी सकाळी कुदळीचा आवाज आला. मी सदरा अडकवून गेलो तर पट्टीत चुन्याची रेघ मारलेली, शिरपूरकडचा एक गवंडी कुदळ टेकून उभा, सुमनताई खिडकीत खड्यांची वाटी घट्ट धरून, आणि त्या रेघेवर, बरोब्बर मधोमध, पाट टाकून मामा जेवायला बसलेले. पितळी ताट, पाण्याचा तांब्या, मांडीवर पंचा. सकाळची न्याहारी नव्हे, पुरं जेवण.

"मामा, उठा ना," सुकलाल म्हणाला. "काम खोळंबलंय."

"जेवी राह्यनू ना भो," मामा म्हणाले. रागावले किंवा खुशीत आले की ते अहिराणीवर येत. "दिखस नही का तुले?"

"किती वेळ?"

हा प्रश्न सुकलालने विचारायला नको होता. सगळी गल्ली हसली. तो गवंड्यावर खेकसला, "तू खण रे, बाजूने खण." गवंड्याने कुदळ खाली ठेवली आणि म्हणाला, "शेठ, माणूस जेवतोय. मी नाही माती उडवणार." तेवढ्यात आतून सुकलालची म्हातारी आई काठी टेकत आली. तिला भांडणाचं काही ठाऊक नव्हतं. तिने फक्त पाहिलं की आपल्या दारात एक वयस्कर माणूस कोरडी भाकरी खातोय आणि मुलगा त्याच्या डोक्यावर उभा राहून ओरडतोय. "सुक्या, लाज शे का तुले?" ती म्हणाली, आणि आत जाऊन तुपाची वाटी घेऊन आली. मामांनी ताट पुढे केलं. "वाढ माय."

त्यानंतर मी जे केलं ते माझ्या स्वभावात बसणारं नाही. मी घरी गेलो, माझा पाट आणि ताट घेऊन आलो, आणि मामांच्या शेजारी बसलो. पट्टी साडेतीन फूट; दोन माणसं मांडीला मांडी लागूनच बसतात. मामांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, फक्त जरा सरकले. मग कमिटीचे खजिनदार आले, मग भाजीवाला आला. दुपारी सुमनताईंनी खिडकीतून आमटीचं पातेलं बाहेर दिलं. सुकलाल बराच वेळ उंबऱ्यावर बसून होता. आई त्याला म्हणाली, "तू बी बठ जेवाले," तेव्हा तो उठून आत गेला. चार दिवसांनी विटा त्याच्या गच्चीवर गेल्या आणि पुढे तिथे माडी चढवून तिसरा लूम बसला. सभेच्या वृत्तांतात मी "प्रश्न चर्चेने सुटला" असं लिहिलं. दुसरं लिहायला नियमांत जागा नाही.

त्या विजयाने मामांचा आवाज रेडिओपेक्षा मोठा झाला. आता त्यांच्याकडे पुरावा होता. मी हिशेबी माणूस, मी म्हणायचो, "मामा, सुकलालकडे कुदळ होती, तोफ नव्हती. आणि त्याची आई घरात होती."

"तोफवाल्याला आई नसते?"

"असते. तोफेपाशी नसते."

यावर मामांनी रेडिओचा आवाज आणखी वाढवला.

त्याच वर्षी पावसाळ्यात एके संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो. बोस्नियातल्या ज्या गावाला हात लागणार नाही असा जगाने शब्द दिला होता, ते गाव पडलं, अशी बातमी लागली. गाव राखायला जगाने मिळून पाठवलेले निळ्या टोप्यांचे शिपाई बाजूला झाले, आणि बायका-मुलांना बसमध्ये घालून नेलं. पुरुषांचं काय झालं ते अजून कळलेलं नव्हतं. मामांनी रेडिओ बंद केला. ताटात भाकरी तशीच होती, शेंगदाणे तसेच, कडेला कांद्याच्या फोडी ओळीने. ते उठले. त्यांना भरल्या ताटावरून उठताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. बायकोने "मामा" म्हणून हाक मारली, ती त्यांना ऐकू आली की नाही, माहीत नाही.

पुढे ते पुरुष मारले गेल्याचं कळलं, मग त्या देशांनी विमानं पाठवली, बाँब टाकले, आणि वर्ष संपायच्या आत तह झाला. मी मुद्दाम माडीवर जाऊन सांगितलं, "मामा, शेवटी तुमचंच खरं झालं. मध्ये पडल्यावर थांबलं की नाही?" ते ट्रंकेवर बसून दाढी करत होते. म्हणाले, "ताटं उचलल्यावर वाढायला आलेत, जावईबापू." आणि आरशात बघून उरलेला गाल पूर्ण केला.

नंतर ते मुलीकडे चाळीसगावला गेले आणि तिथेच वारले. मुलीने सांगितलं, शेवटपर्यंत जेवायला वेळ लावायचे, पण ताटात मांडणी करायचं सोडलं होतं. पट्टी अजून मोकळी आहे. सुमनताईंच्या खिडकीतून सकाळी उजेड येतो. त्या खडे लावत बसलेल्या दिसतात, आणि सुकलालच्या आईने पट्टीत लावलेली तुळस दोन्ही घरं मिळून पाणी घालून जगवतात. मामांचं पितळी ताट बायकोने ठेवून घेतलंय. मी त्यातच जेवतो. कांदा मात्र कडेला ठेवू देत नाही. वाढताना भाकरीवरच ठेव, असं सांगून ठेवलंय, आणि तिने त्याचं कारण कधी विचारलेलं नाही.