खाली नाव कुणाचं?

वसतिगृहातल्या घाण पाण्यावर मी लिहिलेलं पत्रक शेजारच्या खोलीतल्या याह्यानं वाचलं. तो येमेनचा.

"रेक्टरला झोडपलंस, भाऊ. पण खाली नाव कुणाचं?"

"नाव घातलं तर खोली जाईल."

"आम्ही झैदी, शिया मुसलमानांतला एक पंथ. आमचा इमाम, म्हणजे पंथाचा नेता, पैगंबरांच्या वंशातला हवा, विद्वान हवा. तरी अन्यायाविरुद्ध उघडपणे उभा राहिल्याशिवाय तो इमाम होत नाही."

"वंश कशाला लागतो?" मी उसळलो.

"त्यावर लिही की पत्रक," तो हसला, "पण सही करून."

तेव्हापासून मी खोलीत येरझाऱ्या घालतोय. पत्रकाखालचे 'सर्व विद्यार्थी' हे शब्द किती सोयीचे! त्यांच्यामागे आम्ही सगळे असतो, म्हणजे कुणीच नसतो. मी ते खोडले. तिथं आता एका नावापुरती जागा आहे, आणि पेन अजून उघडंच आहे.